भोंग्याचं मुकं वाचन

भोंगा वाचायला लागला की माणसं हातातलं काम टाकून ऐकत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि पूर्णविराम आला की तो असा काही थांबायचा की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायची. लहानपणी शाळा तपासायला साहेब आले तेव्हा गुरुजींनी वर्गातून नेमकं त्यालाच उभं केलं होतं. पुढे लवकरच शाळा सुटली, आवाज मात्र सुटला नाही. न्हाव्याच्या दुकानात पेपर आला की तो भोंग्यानं वाचायचा. कुणाकडे नवं यंत्र आलं की त्याच्यासोबतचा कागद भोंग्यानं वाचायचा. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. सख्खा बापही त्याला भोंग्याच म्हणायचा, आणि तेही मोठ्या अभिमानानं.

एवढं वाचून भोंग्याच्या डोक्यात काय उरायचं? काही म्हणजे काही नाही. डोळ्यांतून आत गेलेली अक्षरं तोंडातून बाहेर पडायची, मध्ये कुठे मुक्काम नाही. पण हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्याला स्वतःला तर असं काही विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

विचारलं ते कोंबड्या मेल्यावर.

घरामागे पत्र्याची लांब शेड होती. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य आणि लस द्यायची. भोंगा, त्याची बायको आणि त्याचे म्हातारे वडील आबा अशा तिघांनी ती वाढवायची आणि वजनाला आली की परत द्यायची. यंदा उन्हाळा चढायला लागला आणि पक्षी माना वाकड्या करून बसायला लागले. मग पडायला लागले. बायकोनं टोपल्या भरभरून पक्षी बाहेर काढले, भोंग्यानं खड्डा खणला, आबांनी वरून चुना टाकला. शेड रिकामी झाली तेव्हा आत एवढी शांतता झाली की वाऱ्यानं पत्रा कुरकुरला तरी बायको दचकायची.

कंपनीचा सुपरवायझर आला. तरुण होता, पण कामाचा माणूस होता. त्यानं आधी टाकी बघितली, मग भोंग्याला समोर बोलावलं.

"लस कशात कालवली होती?"

"पाण्यात."

"कुठल्या पाण्यात?"

"टाकीतल्या."

"टाकीत पावडर होती? जंतू मारायची?"

"होती की. रोज टाकतो. पाणी कसं स्वच्छ राहतं."

सुपरवायझरनं कपाळ चोळलं. "लशीबरोबर कागद दिला होता. तो वाचला नाही?"

उत्तर आबांनी दिलं. "वाचला नाही म्हणजे? अहो, असा वाचला की पलीकडच्या वस्तीवरची माणसं ऐकायला आली होती!"

"आणा बघू तो."

कागद खिळ्याला अडकवलेला होता. भोंग्यानं तो काढला, घसा साफ केला आणि सुरू केलं. "लस देण्यापूर्वी पक्ष्यांना काही काळ तहानलेले ठेवावे. लस मिसळण्यासाठी जंतुनाशक किंवा अन्य औषध नसलेलेच पाणी वापरावे. अन्यथा लस निष्प्रभ होते." पूर्णविरामावर तो नेहमीसारखा झोकात थांबला.

बायको सूप घेऊन उभी होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिचा हात तोंडाकडे गेला.

"थांबा," सुपरवायझर म्हणाला. "आत्ता काय वाचलंत?"

भोंग्यानं कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "परत वाचू का?"

"नको. कागद खाली ठेवा. काय लिहिलं होतं ते सांगा."

भोंग्यानं कागद खाली ठेवला. लस होती, पाणी होतं, पक्षी होते, एवढं त्याला आठवत होतं. पण पक्ष्यांचं काय करायचं आणि पाण्याचं काय करायचं, तिथे सगळं कोरं. कानामागून घाम निघून मानेवर आला. बायकोसमोर, बापासमोर, आपल्याच अंगणात तो शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. फरक एवढाच, की शाळेत त्याला असं उभं राहावं लागलं नव्हतं.

सुपरवायझर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पुढचा लॉट द्यायचा तर घरात एक माणूस असा पाहिजे, की ज्याला वाचलेलं कळतं," तो म्हणाला. "शेड धुऊन, रंगवून ठेवा. मी बघायला येईन तेव्हा एक नवा कागद आणीन. मनात वाचायचा आणि मला सांगायचं. जमलं तर पिल्लं उतरवू. नाही जमलं तर माझाही नाइलाज आहे."

नाही जमलं तर काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बायकोनं लग्नाआधी खडी फोडली होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडंच होतं. शेड झाल्यावर ती म्हणाली होती की आता मेले तरी खाणीवर जाणार नाही. आता ती खराटा घेऊन शेडमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा बाईंच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू, पण जीभ अजून धारदार. मोठी माणसं त्यांच्याकडे सही शिकायला यायची.

"तू?" बाई म्हणाल्या. "तुझा आवाज तर मला इथे बसून ऐकू येतो. तुला आणखी काय शिकायचंय?"

भोंग्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो चपलेकडे बघत होता. बाईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि एक वाळका वाटाणा घेऊन आल्या.

"हा ओठांत धर. आता हे वाच. वाटाणा पडला तर पुन्हा पहिल्यापासून."

पहिलं वाक्य संपायच्या आत वाटाणा पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. भोंग्याच्या ओठांना राहवतच नव्हतं. एकदा तर वाटाणा गिळलाच गेला आणि बाईंना दुसरा आणावा लागला.

"बाई, तोंड बंद केलं की अक्षरंही बंद होतात," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"होऊ देत. सवय आहे ती. जाईल."

हळूहळू वाटाणा टिकायला लागला. मग बाईंनी पुढचं काढलं. एक वाक्य वाचायचं, कागद पालथा घालायचा आणि सांगायचं. भोंग्याला हे सोपं वाटलं. त्यानं वाक्य वाचलं, कागद पालथा घातला आणि अख्खं वाक्य जसंच्या तसं, चालीसकट म्हणून दाखवलं. वर विजयी मुद्रेनं बघितलं.

"हे कागदानं सांगितलं," बाई म्हणाल्या. "मी कागदाला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं."

"पण शब्द न् शब्द बरोबर आहे ना?"

"तेच तर. तुझा त्यात एकही नाही. वाक्य वाचलंस की थांबायचं. डोळ्यांपुढे काय येतं ते बघायचं. काही आलं नाही, तर पुढे जायचं नाही. मग दिवस मावळला तरी चालेल."

घरी येऊन भोंग्यानं बायकोला हे सांगितलं. तिला बाईंची पद्धत फारच पसंत पडली. शेडमध्ये दोघं गुडघ्यांवर बसून जमिनीला चिकटलेली घाण खरवडत असायची. पत्रा वरून भाजून काढायचा, डोळ्यांत झोंबणारा वास, हातांची सालटं निघालेली. मध्येच ती म्हणायची, "वाचा काहीतरी." तो खिशातला एखादा चिटोरा काढून मनात वाचायचा आणि तोंड उघडायच्या आत ती विचारायची, "म्हणजे काय?"

"अगं, सांगतोय ना."

"सांगा. पण तुमचं सांगा. पेपरातल्यासारखं नको."

तो सांगायचा. ती "मग?" म्हणायची. तो अडकायचा. ती खरवडत राहायची आणि वाट बघायची. आबा खाटेवरून हे सगळं बघत होते आणि त्यांना काही केल्या ते पटत नव्हतं.

"याच्या तोंडाला काय झालंय?" त्यांनी सुनेला विचारलं. "तासभर कागदाकडे बघतोय आणि आवाज नाही. वाचतोय का झोपलाय?"

"मनात वाचतायत ते, आबा."

"मनात वाचून कुणाला ऐकू जाणार?"

शेड धुऊन झाली. चुना द्यायची वेळ आली. बायको पिंपात चुन्याचे खडे ओतत होती आणि पाण्याची बादली शेजारीच भरून ठेवली होती. भोंगा दाराशी रिकाम्या पोत्यावर टेकला होता. सवयीनं त्याची नजर पोत्यावरच्या छापील ओळीवर गेली. ओठ मिटलेले होते. वाटाणा नव्हता, तरी मिटलेले होते.

चुना पाण्यात थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये.

तो थांबला. डोळ्यांपुढे काही आलं नाही. पुन्हा वाचलं. पाणी. चुना. चुन्यावर पाणी. आणि एकाएकी त्याला पिंप दिसलं. खरं, समोरचं पिंप. त्यात कोरडे खडे, वरून बादलीभर पाणी, आणि मग सूं करून उसळलेला पांढरा रटरटता लोळ. वाकलेलं तोंड कुणाचं होतं तेही दिसलं.

"अगं, ओतू नकोस!"

त्याचा आवाज शेडभर घुमला. बायकोनं उचललेली बादली तशीच धरली. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"काय झालं? साप?"

"साप नाही! पाणी! चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना टाकायचा! थोडा थोडा! उसळतो तो, डोळ्यांत जाईल!" तो उभा राहिला होता. हातातलं पोतं झेंड्यासारखं हलवत होता. "इथे लिहिलंय! आणि मला दिसलं! वाचलं आणि दिसलं!"

"काय दिसलं?"

"तू! पिंपावर वाकलेली!"

बायकोनं बादली खाली ठेवली. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग पुन्हा हसली. "हे सगळं त्या पोत्यावर लिहिलंय?"

"नाही. तेवढंच लिहिलंय. बाकीचं मला दिसलं."

त्या दिवसापासून भोंग्याला आवरणं कठीण झालं. दिसेल ते तो वाचायचा. साबणाचं वेष्टन, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, भिंतीवर अर्धवट फाटलेलं पत्रक. वाचून झालं की समोर जो असेल त्याला धरून म्हणायचा, "यात काय लिहिलंय सांगू?" आणि सांगायचाच. एसटी थांब्यावरची जुनी पाटी त्यानं किती वेळा मोठ्यानं वाचली असेल, पण गाडी आता तिथे थांबत नाही, वळणाच्या पलीकडे थांबते, हे तिच्यावर लिहिलंय हे त्याला आत्ता कळलं. खाली उन्हात ताटकळत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना उठवून तो वळणापर्यंत घेऊन गेला. त्यांच्या गाठोड्यांसकट.

न्हाव्याच्या दुकानात मात्र पंचाईत झाली. पेपर हातात दिला, माणसं सरसावून बसली, भोंग्यानं एक वाक्य खणखणीत वाचलं आणि गप्प झाला.

"पुढे?" न्हावी म्हणाला. वस्तरा हवेतच राहिला.

"थांब. हे कळलं का कुणाला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे, कळायचं काय त्यात? तू वाच," न्हावी म्हणाला. "तुझं वाचन ऐकत दाढी करायला माझा हात कसा मऊ चालतो. असा मध्येच थांबलास तर कुणाचा तरी कान जाईल."

भोंगा हसला, पण पुढे गेला नाही. ती बातमी त्यानं मनात तीनदा वाचली आणि मग आपल्या शब्दांत सांगितली. कालव्याचं पाणी कधी सुटणार याची ती होती. ऐकल्यावर खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून उठलं आणि शेताकडे पळालं.

एक दिवस मात्र तो हरखून गेला नाही. चुना वाळला होता, शेड पांढरीशुभ्र दिसत होती, आणि त्यानं खिळ्यावरचा तो लशीचा कागद काढला. मनात वाचला. एकेका वाक्यापाशी थांबला. तहानलेले पक्षी आले डोळ्यांपुढे, भांड्यांकडे धावले, आणि भांड्यात आपणच ओतलेलं पावडरीचं पाणी. मग टोपल्या दिसल्या. तो पायरीवर बसला. त्याला भयंकर वाईट वाटलं, तेवढं खड्डा खणतानाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा ते नुसतं नशीब होतं. बायको येऊन शेजारी बसली.

"कळलं?" तिनं विचारलं.

"कळलं. तेव्हाच कळलं असतं तर."

"तेव्हा नाही कळलं. आता उठा. नवं तूस पसरायचंय."

ठरल्याप्रमाणे सुपरवायझर आला. सुपरवायझरनं भिंतींवरून हात फिरवला, तूस मुठीत घेऊन बघितलं, टाकीत डोकावला. मग पिशवीतून एक चकचकीत कागद काढला. पिल्लांना ऊब द्यायला गॅसची नवी शेगडी आली होती, तिचा.

"घ्या. सावकाश वाचा. घाई नाही."

बातमी पसरलेली होतीच. न्हावी आला होता, बाई काठी टेकत आल्या होत्या, आणि भोंगा वाचणार म्हटल्यावर वस्तीवरची माणसंही आली होती. आबांनी त्यांना बसायला पोती टाकली. सगळे कान लावून बसले.

भोंग्यानं ओठ मिटले.

आवाज येईना. माणसं चुळबुळली. "घसा बसलाय का?" कुणीतरी हळूच विचारलं. आबांनी मान खाली घातली. एवढ्या लोकांत आपल्या मुलाचं तोंड उघडत नाही, हे त्यांना बघवेना. बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. भोंग्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला शेगडी दिसत होती.

"सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगा."

"शेगडी साखळीनं टांगायची. उंची पिल्लं बघून ठरवायची. पिल्लं शेगडीखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, मग शेगडी खाली घ्यायची. लांब कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उकडतंय, वर घ्यायची. सगळीकडे सारखी पसरली, खातायत, पितायत, तर हात लावायचा नाही. गॅसची नळी तुसावरून न्यायची नाही, पेटेल. रोज सकाळी साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडा आला तर नळी गळतेय." तो सांगत होता तसा त्याचा आवाज चढत होता, आणि हात आपोआप साखळी वर-खाली करत होते. बायकोचा श्वास मोकळा झाला. सुपरवायझर मान हलवत कागदाशी ताडून बघत होता.

"छान. शेवटची ओळ?"

भोंग्यानं शेवटची ओळ वाचली. थांबला. पुन्हा वाचली. सापेक्ष आर्द्रता आवश्यकतेपेक्षा कमी झाल्यास वायुवीजन नियंत्रित करावे. महिन्याभरापूर्वी त्यानं ही ओळ अशी काही वाचली असती की माना डोलल्या असत्या. आता डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. तिसऱ्यांदा वाचली. काही नाही. सगळे बघत होते. पिल्लं या एका ओळीवर अडली होती. काहीतरी ठोकून द्यावं, असं त्याच्या जिभेवर आलंही. बाई काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडे रोखून बघत होत्या.

"ही ओळ मला कळली नाही," भोंगा म्हणाला. "यातला एकही मोठा शब्द मला माहीत नाही. हिचा अर्थ सांगितल्याशिवाय मी शेगडी पेटवणार नाही."

बायकोनं डोळे मिटले.

सुपरवायझरनं कागदाची घडी घातली. "हवा फार कोरडी झाली तर शेडच्या बाजूचे पडदे थोडे पाडायचे, एवढंच आहे त्यात," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुम्ही असं विचारलं असतं तर ही वेळच आली नसती. पिल्लं परवा पाठवतो."

पुढचा काही वेळ कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. न्हावी भोंग्याच्या पाठीवर थापा मारत होता, बाई "मी म्हटलं नव्हतं?" असं सगळ्यांना विचारत होत्या, आणि बायको शेडमध्ये पळाली होती. पिल्लं परवा येणार असताना तिला पाण्याची भांडी आजच घासायची होती. आतून भांड्यांचा खणखणाट यायला लागला.

माणसं पांगल्यावर आबा पोती गोळा करत होते. भोंगा त्यांच्या हाताखाली गेला.

"आबा, तुम्हाला आवडलं नाही का?"

"आवडलं," आबा म्हणाले. मग त्यांनी पोत्याची धूळ झटकली. "तू लहानपणापासून वाचत आलास आणि मी ऐकत आलो. खरं सांगू? मला त्यातलं कधी काहीच कळलं नाही. विचारायला लाज वाटायची. म्हटलं, आपल्या पोराला तर कळतंय. घरात एकाला कळलं की पुरे."

आबांनी पोतं पुन्हा जमिनीवर अंथरलं, त्यावर बसले आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बस," ते म्हणाले. "तो साखळीचा भाग पुन्हा सांग. पिल्लं कडेला गेली म्हणजे काय?"